चार बोटांचं अंतर

मित्रांनो, मी एक जुना टेम्पो आहे, अशी सुरुवात करायला मला फार आवडलं असतं. पण खोटं कशाला बोलू? टेम्पो म्हणावं एवढा मी आता उरलेलो नाही. चाकं गेली, हौदा गेला, तोंडही गेलं. कासुर्डीत गेणबा आबांच्या अंगणात एक कडुनिंब आहे. माझ्यातलं जे काही शिल्लक आहे, ते त्याच्या खालच्या फांदीला टांगलेलं आहे. ते काय, ते ओघात येईलच. कीर्तनकार आधी नमन करतो, मग कथेला हात घालतो. मीही तसंच करतो. ज्यांनी मला घडवलं त्यांना नमस्कार. ज्यानं मला चालवलं त्याला नमस्कार. आणि तो माझ्यातून अजून उतरलेलाच नाही असं ज्या म्हाताऱ्याला वाटत होतं, त्याला साष्टांग नमस्कार.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. ठिणग्यांच्या पावसात माझं अंग जोडलं गेलं. पुढे आरटीओचं पासिंग झालं, तेव्हा एका पेंटरनं माझ्या कुशीवर पांढऱ्या रंगात दोन आकडे लिहिले. एक माझं रिकामं वजन, दुसरं भरलेल्या गाडीचं वजन. या दोहोंमधला फरक म्हणजे माझी ताकद. माणसाच्या कपाळावर सटवाई काहीतरी लिहून जाते आणि ते कुणाला वाचता येत नाही, असं म्हणतात. माझं कपाळ माझ्या कुशीवर होतं आणि ते येणाऱ्याजाणाऱ्या कुणालाही वाचता आलं असतं. पण वाचलं मात्र कोणीच नाही. शंभूनं तर त्यावर झेंडूची माळ अडकवली.

शंभू हा आबांचा एकुलता एक मुलगा. आबांचं घराणं पूर्वी मेंढरांमागचं. दसरा झाला की कळप घेऊन घाट उतरायचा आणि पाऊसपाण्याच्या आधी परत यायचं, अशात त्यांच्या वडिलांची हयात गेली. सगळा संसार एका घोड्याच्या पाठीवर असायचा. भांडी, वाकळा, खुराड्यातल्या कोंबड्या आणि चालता न येणारी कोकरं. आबांनी कासुर्डीत घर बांधलं, थोडं शेत केलं, आणि शेवटची मेंढरं विकली तेव्हा मला आणलं. त्यांच्या बायकोनं, अनसाबाईंनी, माझ्या चाकाखाली लिंबू ठेवलं आणि कपाळाला कुंकू लावलं. आबांनी मात्र काहीच केलं नाही. ते माझ्या मागच्या चाकापाशी उकिडवे बसले, आणि चाक व हौद्याचा तळ यांच्यामध्ये त्यांनी आपली चार बोटं आडवी धरली.

"काय बघताय?" अनसाबाईंनी विचारलं.

"पाठ बघतोय. घोडं बोलत न्हाई, अनसा. त्येची पाठ बोलती. पाठ वाकली की वझं उतरायचं. भरलेल्या गाडीत चार बोटं जागा राह्यली पायजे. बास."

हा त्या घराचा नियम झाला. सकाळी माल भरला की आबा यायचे, हात घालायचे, चार बोटं बसली की माझ्या पत्र्यावर थाप मारून म्हणायचे, "जा." ती थाप पडल्याशिवाय शंभू किल्ली फिरवत नसे.

तेव्हा आमचा माल होता चुरमुरे. अनसाबाईंची भट्टी होती. तापलेल्या वाळूत तांदूळ पडला की टपटप फुलायचा आणि सगळं अंगण त्या खरपूस वासानं भरून जायचं. माझ्या हौद्यावर शंभूनं उंच लोखंडी जाळी बसवून घेतली होती, तिच्या वरपर्यंत पोती रचलेली. दिसायला मी डोंगर आणि वजनाला मोरपीस. शिरूरचा बाजार, दौंडचा बाजार, कोरेगाव भीमाच्या रस्त्यावरची दुकानं, सगळीकडे मी असाच डुलत जायचो. एकदा न्हावऱ्याच्या चौकात हवालदारांनी हात केला.

"केवढी भरलीय गाडी. काय हाय आत?"

शंभूनं एक पोतं एका हातानं काढून त्यांच्या हातात दिलं. हवालदारांनी ते वर उचललं, खाली केलं आणि हसले. "भरली न्हाई म्हणायची. फुगवलीय. जा बाबा."

शंभूला टाळाचं वेड. गावात सप्ताह बसला की कीर्तनकारांच्या मागे पहिल्या ओळीत उभा. टाळाची जोडी माझ्या हौद्यातच असायची, मागच्या डाव्या कोपऱ्यात, एका आकड्याला लटकवलेली. बाजारात गिऱ्हाईक नसलं की तो त्या कोपऱ्यात जाऊन बसायचा, पाय बाहेर सोडायचा आणि हलक्या हातानं टाळ वाजवायचा. मित्रांनो, तुम्ही कधी लोखंडाच्या आत बसून टाळ ऐकलाय? पत्र्याच्या प्रत्येक अणूला तो कळतो. माझ्या अंगाला त्याची सवय झाली. त्या कोपऱ्यात तो बसला की माझं डावं अंग इतकंसं खाली जायचं, आणि मला बरं वाटायचं.

मग गूळ आला.

आमच्या भागात गुऱ्हाळं पुष्कळ. एका हंगामात कोंडिबा गुऱ्हाळवाल्यानं शंभूला हटकलं, "शिरूरला हलकाच जातूस. माझ्या ढेपा टाक की."

त्या दिवशी चुरमुऱ्यांऐवजी खाली ढेपा रचल्या. जाळीच्या निम्म्यालाही माल पोचला नव्हता. वरचा सगळा हौदा मोकळा, त्यातून पलीकडचा ऊस दिसत होता. चुरमुऱ्याच्या मानानं गाडी अगदी केविलवाणी रिकामी. पण माझ्या पाठीचा कणा कुरकुरत होता. आबांनी चाकावर हात घातला. चार सोडा, एक बोटही गेलं नाही.

"उतरव."

"आबा, निम्मी रिकामी हाय गाडी. दिसतंय न्हवं तुमाला?"

"मला हवा दिसती. पाठ बसलीय. उतरव."

ढेपा उतरल्या. शंभूचं मन मात्र त्या रिकाम्या जागेत अडकून राहिलं. मित्रांनो, रिकामी जागा माणसाला चैन पडू देत नाही. गावोगाव हिंडून मी एवढं शिकलोय.

चाकावर लोखंडी पट्ट्यांची एक कमान असते. गाडीवाले त्या पट्ट्यांना पाटे म्हणतात. सगळा भार त्यांच्यावर. चौफुल्याच्या एका गॅरेजात शंभूनं माझ्या दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवून घेतला. सगळेच वाढवतात. आणि त्यानं ते लपवलंही नाही. दुसऱ्या दिवशी तेवढाच गूळ भरला आणि आबांना हात धरून आणलं.

"आबा, पाटं वाढवलं. आता बगा पाठ."

आबांनी हात घातला. चार बोटं बरोबर बसली. त्यांनी दुसऱ्या बाजूला जाऊन पाहिलं. तिथेही चार.

"आता कसं," ते खुशीत म्हणाले, "घोडं सुधारलं." आणि पत्र्यावर थाप मारली. "जा."

मित्रांनो, आबांचा हात खोटा नव्हता. त्यांची बोटं खोटी नव्हती. बापानं त्यांना घोड्याची पाठ वाचायला शिकवली होती आणि ती त्यांनी नेमानं वाचली. पण घोड्याला कोणी वरून कणा बसवत नाही. माझी पाठ दुसऱ्याची झाली आणि पाय माझेच राहिले. माझे ब्रेक चुरमुऱ्याच्या वेळचेच होते. कुशीवरचे दोन आकडेही तेच होते, झेंडूच्या माळेखाली.

भीमेच्या पुलाकडे उतरणारा एक रस्ता आहे. सकाळची वेळ, उन्हाला अजून धार आली नव्हती. पुढे उसाच्या ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, ट्रॉलीवर तोडणीची बायामाणसं बसलेली. शंभूनं ब्रेक दाबला. मी थांबायचा प्रयत्न केला. माझ्या पाठीवरचा गूळ थांबायला तयार नव्हता. त्यानं पुन्हा दाबला. मग त्यानं एकदा त्या ट्रॉलीवरच्या माणसांकडे पाहिलं आणि मला डावीकडे, बाभळींच्या खड्ड्यात घातलं. मी आदळलो, थांबलो. ढेपा नाही थांबल्या. त्या पुढे आल्या.

यापेक्षा जास्त मी सांगणार नाही. टाळ मात्र वाजत होते. कोपऱ्यातल्या आकड्याला लटकलेले ते टाळ, सगळं शांत झाल्यावरही कितीतरी वेळ एकमेकांवर आपटत राहिले. मग तेही थांबले.

मला ओढून अंगणात आणलं आणि कडुनिंबाखाली उभं केलं. जाळी काढून शेळ्यांच्या गोठ्याला लावली. टाळ विठ्ठलमंदिरात दिले. उरलो मी आणि मुंग्या. केबिन धुतली, पुसली, तरी मुंग्या येतच राहिल्या. गुळाचा कण कुठे उरला नव्हता. पहिला पाऊस झाला, दुसरा झाला, तरी त्यांची काळी रांग माझ्या दारातून आत जायची, सीटवर चढायची आणि तिथे घोटाळून परत फिरायची. जणू कोणी बसलंय आणि वाट देत नाही. गावातली माणसं माझ्या बाजूनं जायची बंद झाली. शेळीसुद्धा माझ्या सावलीला बसत नसे.

आणि माझं मागचं डावं अंग खाली बसलं होतं. हौदा रिकामा, तरी बसलं होतं. आबा रोज सकाळी यायचे, उजवीकडे हात घालायचे, मग डावीकडे. उजवीकडे चार बोटांहून जास्त जागा मोकळी, डावीकडे तीनही बसत नसत. कोपऱ्याकडे बघून ते हलक्या आवाजात म्हणायचे, "शंभू, उतर लेका. पोचलं घर."

दुपार कलली की तापलेला पत्रा निवायला लागायचा आणि माझ्यातून आवाज यायचा. टिक, टिक, टिक. लोखंड आक्रसतं तेव्हा असा आवाज होतोच. पण तो यायचा डाव्या कोपऱ्यातून आणि लयीत यायचा. अनसाबाईंचे हात भट्टीवर थबकायचे. मित्रांनो, तुम्ही मला विचाराल, खरंच कोणी होतं का? मी लोखंड आहे, मला वजन कळतं. आणि त्या कोपऱ्यात मला वजन जाणवत होतं, एवढंच सांगतो.

घर चालवत होती शंभूची बायको, हर्षदा. चुरमुऱ्यात गुळाचा पाक घालून ती लाडू वळायची. ओळखीच्यांच्या दुचाकीवरून लाडू पाठवता पाठवता रांजणगावच्या एका कंपनीच्या कँटीनला ते आवडले. दसऱ्यापासून रोज माल पाहिजे, पण गाडी तुमची स्वतःची हवी, असं त्यांनी कळवलं. गाडी नसती तर ते काम दुसऱ्याला गेलं असतं आणि भट्टीही थंड पडली असती, कारण नुसत्या चुरमुऱ्याला आता बाजार राहिला नव्हता.

म्हणून गाड्या विकणारा विक्रम एक दिवस अंगणात आला. माझ्याभोवती फिरला, मान हलवली. "वहिनी, ही भंगारातच जाईल." मग एक काडी घेऊन त्यानं धुळीत दोन चौकोन काढले, एक लांब, एक आखूड. "ही लांब हौद्याची. लाडवाची खोकी भरपूर बसतील, पण ताकद बेताची. ही दुसरी आखूड, पण दणकट. वजन ओढंल, खोकी मावणार न्हाईत. आणि वरनं पत्र्याची बंद बॉडी बांधली, तर तिचं वजन तुमच्या मालातनं जातं."

"मालातनं कसं?"

"गाडी जेवढं उचलायची तेवढंच उचलणार. त्यात डायवर आला, शेजारी बसलेला आला, बॉडी आली. उरलं ते तुमचं."

हर्षदा चौकोनांकडे बघत राहिली. "लाडू जागा खातो, गूळ वजन खातो. मला लाडू न्यायचेत आणि येताना गुऱ्हाळावरनं गूळ आणायचाय."

"मग ह्या दोन्हीपेक्षा मोठी घ्या की. मिटलं सगळं."

"मोठी घेतली की माणूस मोठी भरतो, विक्रमभाऊ." तिनं माझ्याकडे बोट केलं. "ही निम्मी रिकामी होती."

विक्रमच्या हातातली काडी थांबली. तेवढ्यात बाजेवरून आबा बोलले, शांतपणे, जेवायला वाढ म्हणावं तसं. "गाडी कुठली घ्यायची ती घे पोरी. पण शंभू ह्यातनं उतरल्याबिगर दुसरी गाडी दारात यायची न्हाई. एका घोड्यावर माणूस बसल्यालं असताना दुसरं घोडं जुंपीत न्हाईत."

विक्रमनं चपला घातल्या. हर्षदानं त्याला चहा घेऊन जा म्हटलं, पण तो थांबला नाही.

"अवं," अनसाबाई म्हणाल्या, "पोरीच्या हाताला काम लागलंय."

"मी कुठं न्हाई म्हणतोय? त्येनं उतरावं, एवढंच म्हणतोय."

हर्षदा वाद घालत नसे. ती आत गेली आणि पाक ढवळत राहिली. दसरा जवळ येत होता.

अशात गावचा सप्ताह आला. शेवटच्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन, आणि कीर्तनाला अनुपमाताई महाराज. काय सांगू तो आवाज. मंडप लांब होता, पण कर्ण्यातून एकेक शब्द माझ्यापर्यंत येत होता. टाळकरी उभे राहिले आणि शंभूचे टाळ कोणाच्या तरी हातात वाजू लागले, तेव्हा मी ते ओळखले. माझ्या डाव्या कोपऱ्यात शिरशिरी आली. आबा शंभूनंतर पहिल्यांदाच मंडपात जाऊन बसले होते.

ताई म्हणाल्या, "आपण फार सहज म्हणतो, भार देवावर टाकला. टाकावा. त्याला जड होत नाही. पण टाकायच्या आधी तुम्ही तो तोलला का? ज्यानं तोललाच नाही, त्यानं टाकला म्हणू नये, ढकलला म्हणावं." मग त्यांनी देवाला तराजूत बसवल्याची कथा लावली. सोनंनाणं घातलं, दागिने घातले, पारडं हलेना. शेवटी तुळशीचं एक पान ठेवलं आणि देवाचं पारडं उचललं गेलं. "देवसुद्धा तराजूत बसायला लाजला नाही, माझ्या मायबापांनो. मग आपलं दुःख कसला एवढा मान घेतंय? बसवा त्याला तराजूत. बघा तरी किती भरतं."

मंडपात हरिनामाचा गजर झाला. काल्याच्या लाह्या धोतराच्या सोग्यात घेऊन आबा परतले आणि सरळ माझ्यापाशी आले. त्यांनी चिमूटभर लाह्या डाव्या कोपऱ्यात ठेवल्या.

"हर्षदा," त्यांनी हाक मारली, "ह्येला वजनकाट्यावर न्यायचं. तोलायचं."

उसाच्या गाड्या तोलायचा मोठा वजनकाटा आमच्यापासून फार लांब नाही. ट्रॅक्टरनं मला तिथवर ओढत नेलं. काट्यावर जयसिंग म्हणून माणूस होता. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग आबा, अनसाबाई आणि हर्षदाकडे.

"रिकामीच हाय की. रिकामी गाडी तोलून काय करताय?"

"तोल बाबा," अनसाबाई म्हणाल्या. "आमचं माणूस हाय त्यात."

जयसिंगनं डोक्यावरची टोपी काढली. ट्रॅक्टर सुटला आणि मी एकटा त्या लोखंडी फळीवर उभा राहिलो. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी मला विचारत होतं, तुझं वजन किती? हर्षदानं ओढणीच्या टोकानं माझ्या कुशीवरची धूळ पुसली. वाळलेल्या झेंडूचा धागा तोडला. रिकाम्या वजनाचा आकडा दिसला. तिनं तो वाचला, मग जयसिंगच्या खिडकीतला आकडा वाचला.

"जास्त हाय," ती म्हणाली.

आबा मटकन खाली बसले. "सांगत हुतो."

वारा पडला होता. अनसाबाई हौद्यापाशी गेल्या, फाळक्यावर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाल्या, "चल बाबा आता. लई बसलास." जयसिंग खिडकीतून उठून मागे सरकला. आणि हर्षदा? मित्रांनो, ती त्या आकड्याकडे अशी बघत होती की मला लोखंडाला कापरं भरलं. तेवढं वजन, ती म्हणाली असती तर शंभूचंच झालं असतं. ते तिचंही माणूस होतं. तिलाही ते हवं होतं.

मग ती वाकली. अगदी खाली, मातीत गुडघे टेकून, आणि माझ्या पोटाखाली पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली. उठली तेव्हा तिचे डोळे भरले होते, पण आवाज भरला नव्हता.

"आबा, हिकडं या. हे पाटे बघा. बाकीचे काळे हायेत, हे दोन हिरवट. हे गाडीचे न्हाईत. हे वरनं घातलेत. जास्त वजन ह्यांचं हाय."

आबा हलले नाहीत.

"काढून बघू," ती म्हणाली. "आन् काढल्यावरबी जास्त भरलं, तर मी दुसरी गाडी आणणार न्हाई. तुमच्या पायाशपथ."

सगळी कमाई, सगळं काम तिनं त्या फळीवर ठेवलं. शेजारच्या टायरवाल्यानं जॅक लावला. नट गंजलेले, सहजी निघेनात. पाटे बाहेर आले तेव्हा तो म्हणाला, "डावीकडचा हा चिरलाय बघा, मधोमध. म्हणून गाडी एका अंगाला बसली." त्यानं उरलेली कमान बांधली आणि जॅक काढला.

जयसिंगनं बटण दाबलं. आकडा खाली आला, थोडा थरथरला आणि माझ्या कुशीवरच्या आकड्याला येऊन भिडला.

आबा उठले. माझ्या डाव्या चाकापाशी आले, बसले आणि हात घातला. मग उजवीकडे जाऊन हात घातला. दोन्हीकडे जागा सारखी होती.

"म्हंजी ह्यात न्हाई," ते म्हणाले.

"न्हाई, आबा."

"मग मी रोज कुणाला हाका मारीत हुतो?"

जयसिंगनं आतून पाण्याचा तांब्या आणून दिला. आबांनी तो घेतला, पण प्याले नाहीत. जमिनीवर पडलेल्या चिरलेल्या पाट्याकडे ते बघत राहिले. मग त्यांनी तो उचलला. जड होता. छातीशी धरून म्हणाले, "ह्येनं मला चार बोटं दावली." आणि तेव्हा ते रडले. शंभू गेल्यावर न रडलेलं सगळं.

मी तिथूनच भंगारात गेलो. माझं दुःख करू नका. लोखंड वितळतं, पुन्हा कशाचं तरी होतं. तो डावा पाटा मात्र आबांनी सोडला नाही. घरी नेला आणि कडुनिंबाच्या फांदीला तारेनं टांगला. शाळेत लोखंडी पट्टीची घंटा असते ना, तसा. मित्रांनो, तोच मी. तो माझा जन्माचा नव्हता, तरी माझ्यातलं एवढंच उरलं आहे.

हर्षदानं लांब हौद्याची गाडी घेतली, बेताच्या ताकदीची. लाडवांची खोकी तिच्यात ऐसपैस बसतात. येताना गुळाचा एकच थर, फळी झाकेल न झाकेल इतका. वरचा सगळा हौदा मोकळा. पहिल्यांदा गुऱ्हाळावर कोंडिबा म्हणाला, "वहिनी, गाडी निम्मीबी भरली न्हाई." आबा शेजारच्या सीटवर बसले होते. म्हणाले, "रिकामी गाडी न्यायला छाती लागती, कोंडिबा. तुझ्यात न्हाई, माझ्यातबी नव्हती."

आता त्या घराचा नवा नियम आहे. माल भरला की हर्षदा मोठ्यानं वजन सांगते, एकूण वजन, स्वतःचं धरून. आबा ऐकतात. मग उठतात, लोखंडी दांडी घेतात आणि माझ्यावर एकच टोला देतात. तो नाद भट्टीपर्यंत, मंदिरापर्यंत जातो. मी चिरलेला आहे, म्हणून माझा आवाज शुद्ध येत नाही. जरा कातर येतो. तो आल्याशिवाय गाडी अंगणातून हलत नाही. ज्या लोखंडानं भार झाकला, त्यालाच आबांनी बोलायला लावलं.

मित्रांनो, तुमच्या दारात गाडी असेल, बैल असेल, किंवा पाठीवर दप्तर घेऊन जाणारं धाकटं भावंड असेल. पाठ सरळ दिसते म्हणून ओझं पेलवतंय असं समजू नका. मोकळी जागा दिसली म्हणून भरू नका. कुशीवर कुठेतरी आकडा लिहिलेला असतो. माळ बाजूला सारा आणि वाचा.

काट्यानं सांगितलं ते खरं. माझ्यात कोणी नव्हतं. तरी कधीकधी दुपार कलली की, कोणी टोला दिलेला नसतो, वाराही नसतो, आणि मी आपोआप वाजू लागतो. हलक्या हातानं, लयीत. बाजेवर पडलेले आबा डोळे उघडतात. पूर्वीसारखं "उतर" म्हणत नाहीत. थोडा वेळ ऐकतात, बोटांनी बाजेच्या पट्टीवर ठेका धरतात, आणि म्हणतात, "रामकृष्ण हरी."

काहीतरी माझ्या अंगातून त्यांच्या बोटांत जातं. त्याला वजन नसतं.